आवडत्या बँडने दगा दिला तर

तुमच्या लाडक्या बँडचा नवा अल्बम येतोय. त्यातलं एक गाणं आधीच बाहेर पडलंय. गिटार सव्वा मिनिटाने येते, तीही चोरपावलांनी, आणि तोवर मागे काहीतरी इलेक्ट्रॉनिक गुणगुणत राहतं. म्हणजे व्हायचं ते झालंय. आता एवढंच ठरवायचं, की निष्ठावंत चाहता म्हणून तुम्ही प्रसंगाला शोभेल असं वागणार, की मुकाट गाणं ऐकत बसणार.

ऐकत बसू नका. चाळीस सेकंद भरपूर झाले. त्यापुढे जाण्यात जोखीम आहे. तिसऱ्या कडव्यात एखादी जागा आवडून गेली, तर वर्षभर पुरवायचा राग पहिल्याच दिवशी नासतो. ऐकलंच तर फोनच्या स्पीकरवर ऐका आणि मग बेसला वजन नाही अशी तक्रार करा.

पुढचं काम मात्र सावकाश करायचं. बँडचा 'खरा काळ' कधी संपला, ते एकदा कायमचं ठरवून टाका. नियम सोपा आहे. तुम्ही त्यांना ऐकायला लागलात, त्याच्या जरासा आधी तो संपलेला असावा. तिसऱ्या अल्बमपासून ऐकत असाल, तर पहिले दोनच खरे. पहिल्यापासून ऐकत असाल, तर डेमो टेप, म्हणजे अल्बमच्या आधीची चाचणीची रेकॉर्डिंग. डेमो टेपमध्ये ड्रम कुठे आहेत ते कळत नाही आणि गायक शेजारच्या खोलीत कोंडून ठेवल्यासारखा वाटतो. यालाच जाणकार लोक 'कच्ची ऊर्जा' म्हणतात. पैसे आले आणि माइक बरा मिळाला की ती ऊर्जा जाते ती जातेच.

या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या चाहत्यांचा मान मोठा आहे. त्यांचा क्रम अभ्यासण्यासारखा आहे, म्हणून इथे जरा थांबू. १९८४ साली बँडच्या दुसऱ्याच अल्बममध्ये एक गाणं संथ आणि अकूस्टिक गिटारने सुरू झालं. वेगावर जीव टाकणाऱ्यांनी तेव्हाच 'हे पैशासाठी विकले गेले' असं जाहीर केलं. आज तोच अल्बम 'खऱ्या मेटॅलिका'चा पुरावा म्हणून दाखवला जातो. मग १९९१ साली बॉब रॉक हा प्रोड्युसर आला. गाणी आखूड झाली, वेग उतरला, आणि तो अल्बम एकट्या अमेरिकेत दीड कोटीच्या वर खपला. यावरून ते खरंच विकले गेले होते हे सिद्ध झालं. मात्र या दीड कोटी लोकांपैकी आजवर एकानेही 'मी घेतला होता' असं चारचौघांत कबूल केलेलं नाही.

१९९६ साली तर त्यांनी केस कापले. हा विषय संगीताच्या बाहेरचा आहे असं कुणी म्हणालं, तर समजावं की त्याला रॉकमधलं काही कळत नाही. जड रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे, लांब केसांतूनच येतात. खांद्याच्या वर केस गेले की डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारच्या आवाजातलं मुद्दाम आणलेलं फाटलेपण, आपोआप कमी होतं. शिवाय ही परंपरा जुनी आहे. १९६७ साली बीटल्सच्या नव्या गाण्यांच्या फिती अमेरिकन टीव्हीवर दाखवून स्टुडिओतल्या पोरापोरींना मत विचारलं होतं. पॉप संगीताची दिशा बदलणारी गाणी ऐकून त्यांतल्या काहींनी मत दिलं ते बीटल्सनी नुकत्याच वाढवलेल्या मिशांवर.

मेटॅलिकाकडे परत येऊ, कारण गंमत पुढेच आहे. चाहते वर्षानुवर्षं म्हणत होते, की ही गुळगुळीत रेकॉर्डिंग बंद करा, आम्हाला पूर्वीचा खडबडीतपणा हवा. २००३ साली तो मिळाला. स्नेअर ड्रमच्या खालच्या अंगाला बारीक तारांचा एक पट्टा असतो. त्या तारा खालच्या पडद्यावर थरथरतात म्हणून त्या ड्रमचा आवाज 'चर्र' असा फुटतो. ड्रमर लार्स उलरिकने या तारा लावल्याच नाहीत. आख्खा अल्बम रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर बडवल्यासारखा वाजला. गिटारचे सोलो, म्हणजे गिटार एकटीच पुढे येऊन वाजते त्या जागा, त्याही गायब. चाहत्यांनी खडबडीतपणा मागितला होता खरा, पण हा नव्हे. दुसरा, तो जो आवडतो. काहींनी तर सगळा अल्बम पहिल्यापासून स्वतः वाजवून, स्नेअर नीट लावून, पुन्हा रेकॉर्ड केला. दरम्यान प्रोड्युसरला हाकला म्हणून सह्यांची मोहीमही निघाली.

अखेर २००८ साली सोलो परत आले, वेग परत आला, प्रोड्युसरही दुसरा आला. म्हणजे संकटच! तक्रारीला जागा उरेना. पण निष्ठावंत हार मानत नाहीत. अल्बम फार मोठ्या आवाजात मास्टर केलेला निघाला. म्हणजे हळू आणि जोरकस भाग दाबून जवळपास एका पातळीवर आणलेले आणि वरची टोकं कापून टाकलेली, त्यामुळे ड्रमचा ठोका पडतो तिथे फाटल्यासारखी करकर. तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेमसाठी न दाबता दिली गेली होती, आणि गेममधून काढलेला आवाज सीडीपेक्षा स्वच्छ निघाला. लगेच नव्याने मिक्स करा म्हणून हजारो सह्या. (ही तक्रार खरी होती, हे मान्य करावं लागतं. इतकी वर्षं नेम धरल्यावर एखादा लागायचाच.)

आता तुमच्या उपयोगाचं. बँडने कधी काळी काही लेखी दिलं असेल तर ते जपून ठेवा. क्वीन या ब्रिटिश बँडने सत्तरच्या दशकात आपल्या अल्बमच्या वेष्टनावर 'यात सिंथेसायझर वापरलेला नाही' अशा अर्थाची ओळ छापायचा पायंडा पाडला होता. कारण वाजवी होतं. त्यांचा गिटारवादक ब्रायन मे गिटारचे थरावर थर रचायचा आणि लोकांना ते सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं यंत्र, वाटायचं. १९८० साली मात्र सिंथेसायझर आला. ओळ कुणी मागितली नव्हती, कुणी शपथ घातली नव्हती, तरी चाहत्याच्या दृष्टीने तो करारच. करार मोडणाऱ्या त्या अल्बमने ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिला क्रमांक गाठला, हा तपशील वाद घालताना गाळायचा.

करार म्हटल्यावर कोर्टाचाही विचार करून ठेवा. तुम्ही वेडे ठराल ही भीती नको, पूर्वदाखला आहे. १९८३ साली गेफेन या रेकॉर्ड कंपनीने नील यंग या गायकावर तेहतीस लाख डॉलरचा दावा लावला. आरोप असा, की नील यंगने दिलेलं संगीत नील यंगसारखं नाही. गिटार घेऊन गाणाऱ्या माणसाने १९८२ साली व्होकोडर नावाच्या आवाज बदलणाऱ्या यंत्रातून यंत्रमानवाच्या आवाजात गायलेला अल्बम दिला होता आणि त्यापाठोपाठ पन्नासच्या दशकातल्या धाटणीचा रॉकाबिली अल्बम. दावा पुढे बारगळला, पण तत्त्व चिरंतन आहे: नील यंगसारखं काय वाजतं हे नील यंगला विचारण्यात अर्थ नाही.

त्या यंत्रमानवाच्या आवाजामागे काय होतं, हे त्याने नंतर सांगितलं. त्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती, बोलता येत नव्हतं, आणि त्याच्याशी संवाद साधण्याची धडपड त्या न कळणाऱ्या आवाजात होती. असली कारणं शोधायला जाऊ नका. राग पातळ होतो.

त्याच हिशेबाने बँडमधल्या माणसांच्या वयाकडेही बघायचं नाही. बाविसाव्या वर्षी जो सूर गळ्यातून बेदरकार निघायचा, तो पंचावन्नाव्या वर्षी निघत नाही, म्हणून कितीतरी बँड मैफलीत गिटार अर्धा स्वर उतरवून लावतात. ड्रमरची मनगटं, खांदे, पाठ, सगळं हिशेब मागतं. आणि ज्या बापावर चिडून पहिली गाणी लिहिली, तो बाप कधीच वारलेला असतो आणि गाणारा स्वतः बाप झालेला असतो. हे सगळं खरं असेल, पण तुमचा याच्याशी काय संबंध? तुम्ही सोळा वर्षांचे असताना दार लावून तो अल्बम ऐकलात. तुम्ही नंतर नोकरी धरली, केस गमावले, रात्री अकराला झोपायला लागलात, ते वेगळं. त्यांनी मात्र दार उघडून बाहेर यायला नको होतं.

काही बँड बदलतच नाहीत, त्यांचीही तयारी ठेवा. एसी/डीसी हे ऑस्ट्रेलियन रॉकवाले १९७३ पासून साधारण तोच ठेका, तेच तीन-चार कॉर्ड आणि गिटारवाल्याची तीच शाळेच्या गणवेशातली उडी घेऊन उभे आहेत. अशांसाठी वाक्य वेगळं: 'यांच्याकडे नवं काही उरलेलं नाही.' दोन्ही वाक्यं खिशात असावीत आणि एकाच संध्याकाळी दोन बँडना वापरता यावीत. सरावाने एकाच बँडला वापरता येतात.

दुसऱ्या टोळीशी गाठ पडणार, ते सांगून ठेवतो. ही माणसं बदल झाल्याबरोबर खूश होतात. रेडिओहेड या ब्रिटिश बँडने १९९७च्या गिटारींनी गच्च भरलेल्या अल्बमनंतर २००० साली गिटार जवळजवळ बाजूला ठेवून यंत्रं आणि तुटक आवाज पुढे आणले. पहिल्या आठवड्यात गोंधळलेले किती आणि ढोंग करणारे किती, हे कुणी मोजलेलं नाही, पण तेव्हापासून ही टोळी फोफावली. हे लोक तुम्हाला म्हणतील, 'दहा वेळा ऐक, मग उलगडेल.' यांच्याशी वाद घालू नका. तुम्ही न ऐकता नापसंत करता, ते न आवडता दहा वेळा ऐकतात. त्यांचे हाल जास्त आहेत.

आणि हो, नवा अल्बम विकत घ्यायचाच. न घेता नावं ठेवणाऱ्याला वजन नसतं. शक्य तर महागडी, मर्यादित प्रतींची आवृत्ती घ्या, प्लास्टिकचं आवरण काढू नका. दहा वर्षांनी तोच अल्बम 'त्या काळी कुणाला कळलाच नाही' अशा दर्जाला पोचला, की तुमच्याकडे पहिली प्रत असेल आणि तुम्ही पहिल्यापासून ओळखून होतात असं म्हणायलाही मोकळे.

राहता राहिली मैफल. तिकीट काढा, पुढची जागा पकडा. नवी गाणी लागली की हाताची घडी घाला, जुनं लागलं की ती उघडा, तेही बेताने. ओरडायचं असेल तर वेळ साधणं महत्त्वाचं आहे. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये लोकसंगीताचा गायक म्हणून गाजलेल्या बॉब डिलनने पूर्वार्धात एकट्याने अकूस्टिक गिटारवर गाऊन सगळ्यांना खूश केलं आणि उत्तरार्धात इलेक्ट्रिक बँड घेऊन आला. लोकसंगीतवाल्यांचा संताप झाला. त्यांतला एकजण 'जूडस!' (येशूला दगा देणारा शिष्य) म्हणून ओरडला. ते स्पष्ट ऐकू आलं, कारण त्याने दोन गाण्यांमधली शांतता बरोबर निवडली. रिफ चालू असताना ओरडला असता तर शेजाऱ्यालाही कळलं नसतं. डिलनने त्याला खोटारडा म्हटलं आणि साथीदारांना आणखी जोरात वाजवायला सांगितलं.

त्या रात्रीची चोरटी रेकॉर्डिंग पुढे कैक वर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलची म्हणून फिरत राहिली. १९९८ साली ती अधिकृत अल्बम म्हणून निघाली, आरोळीसकट. लोक आता ती आरोळी ऐकण्यासाठीच तो अल्बम घेतात, आणि पैसे वर्षानुवर्षं अर्थातच डिलनला गेले. शिवाय 'तो ओरडणारा मीच' असं सांगणारे एकाहून जास्त निघाले. तेव्हा तुम्ही ओरडाल तेव्हा पाठोपाठ स्वतःचं नावही स्पष्ट सांगा, आडनावासकट.