घराचा आणि आजाराचा संबंध नाही म्हणे!

पाऊस लागला की कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचं सार असं: घरामुळं आजार होतात का, हे शोधायला सरकारं जनतेचा पैसा उधळतात. आजोबा मातीच्या घरात नव्वदी गाठून गेले. मद्रासला टीबीचे पेशंट खोपटात राहूनच बरे झाले. ओल वाईट हे आजीलाही कळतं, त्याला अभ्यास कशाला? आणि ओल आलीच तर रंग मारा. तो पैसा औषधांना द्या. शेवटी हात जोडलेले इमोजी.

मद्रासपासून सुरुवात करतो, कारण मेसेजमधला तेवढाच मुद्दा वजनदार आहे. १९५६ साली तिथं टीबीच्या पेशंटचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये, म्हणजे हवेशीर वॉर्ड, चांगलं जेवण, सक्तीची विश्रांती. दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या घरात. औषधं दोघांना तीच. वर्षभरानं दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले. १९५९ मध्ये हे छापून आलं आणि मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये टीबीचे पेशंट जसे महिनोन्‌महिने पडून असायचे, ती पद्धत हळूहळू जगभरच मागं पडली.

पण त्या अभ्यासाचा प्रश्न होता, टीबी झालेला माणूस घरी राहून बरा होतो का. टीबी मुळात कुणाला होतो, हे त्यात तपासलेलं नव्हतं. निदानाआधी पेशंट कित्येक आठवडे नुसताच खोकत असतो. लागण बहुतेक तेव्हाच होते, आणि एका खिडकीच्या खोलीत पाच जण झोपत असतील तर जास्त होते. औषध सुरू झालं की ती भीती झपाट्यानं उतरते, म्हणून तर पेशंटला घरी ठेवणं जमलं. शिवाय हा अभ्यास केला कुणाच्या बळावर? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल आणि जागतिक आरोग्य संघटना. सरकारी पैशातल्या संशोधनाला नावं ठेवायला पुरावा काढला, तोही सरकारी पैशातलाच. एवढं तरी बघायचं की भावा!

आजोबांचं म्हणाल तर, १९४१ ते ५१ या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. नव्वदी गाठलेल्यांचे फोटो भिंतीवर आहेत. त्यांची जी भावंडं पाळण्यातच गेली त्यांचे कुठून असणार?

आता आजीला कळतंच, त्याचं. ओल वाईट हे आजीला कळतं, पण कुठल्या दुरुस्तीनं किती फरक पडतो हे मोजल्याशिवाय कुणालाच कळत नाही. न्यूझीलंडमध्ये सरकारी संशोधन निधीतून १३५० घरं निवडली. निम्म्या घरांत आधी छताला आणि जमिनीखाली थंडी अडवणारा थर घातला, ओल वर येऊ नये म्हणून खाली प्लॅस्टिक अंथरलं. घरातलं तापमान जेमतेम अर्धा अंश वाढलं. पण २००७ मध्ये आकडे आले तेव्हा मुलांची शाळा बुडण्याची शक्यता निम्म्यावर आली होती आणि छातीतली घरघरही बरीच कमी झाली होती. अर्ध्या अंशात एवढं होईल हे कुठल्या आजीनं सांगितलं असतं?

मेक्सिकोतल्या कोआविला राज्यानं मातीच्या जमिनी असलेल्या घरांत सिमेंटचा कोबा करून दिला. शेजारच्या दुरांगो राज्यात ती योजना नव्हती. मग सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची गावं, आपल्या कागल-निपाणीसारखी, ताडून बघितली. पूर्ण घराला कोबा झाला तिथं लहान मुलांच्या पोटातल्या जंतांचं प्रमाण ७८ टक्क्यांनी कमी निघालं. तिथली जमीन नुसती मातीची होती, आपल्यासारखी सारवलेली नव्हे, त्यामुळं हा आकडा जसाच्या तसा इथं चिकटवू नये.

राहिला रंग. २०१९ चा महापूर ओसरल्यावर शुक्रवार पेठेत, कुंभार गल्लीत ज्यांनी भिंती बघितल्यात त्यांना हे नव्यानं सांगायला नको. वीट पाणी शोषते, ते वर चढतं, वाळताना मीठ मागं सोडतं. पांढरी बुरशीसारखी दिसते ती हीच लोण. वर ऑइल पेंट मारला की आतलं पाणी अडकतं आणि पुढच्या पावसाळ्यात पुट्टीसकट पोपडे गळतात. खरी काळी बुरशी कपाटामागं आणि भिंतीला टेकलेल्या गादीच्या पाठीला वाढते, आणि पोरगं झोपतं त्याच गादीवर. ओल, बुरशी आणि दमा, खोकला, श्वसनाचे संसर्ग यांच्या संबंधाला पुरेसा पुरावा आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्येच म्हटलंय. गिलावा विटेपर्यंत खरवडून, भिंत महिनोन्‌महिने उघडी वाळू द्यावी लागते. रंगाचं काम त्यानंतरचं.

औषधांना पैसा द्या, हे मान्यच. सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्याच्या, ओपीडीतली रांग बघून कोण नाही म्हणेल? पण दम्याचा पंप घेऊन पोरगं परत त्याच खोलीत झोपायला जातं. न्यूझीलंडनं पुढं कायदाच केला. १ जुलै २०१९ पासून तिथं भाड्याच्या घरात ऊब, वायुवीजन आणि ओलीचा बंदोबस्त यांचे नियम लागू झाले, आणि तो खर्च घरमालकाच्या अंगावर आहे.