पौर्णिमेला सोनं हलकं होत नाही आणि सासूबाईही

आमच्या सासूबाईंच्या गोळ्यांच्या डबीत परवा अर्धी गोळी सापडली. रक्तदाबाची. "अहो आई, ही अर्धी कशी?" म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "काल पौर्णिमा नव्हती का? अंग हलकं असतं, अर्धी पुरते. ग्रुपवर आलंय, तू वाचत नाहीस."

मग वाचलं. भिशीच्या ग्रुपवर आलेला लांबलचक मेसेज, वर "नासानेही मान्य केले", खाली "किमान दहा जणांना पाठवा". सार असं: चंद्रावर गुरुत्वाकर्षण नाही, म्हणून अंतराळवीरांना शिशाचे बूट घालावे लागले. पौर्णिमेला चंद्र आपल्याला वर ओढतो, म्हणून त्या दिवशी सोनं हलकं भरतं, तेव्हा खरेदी पौर्णिमेलाच करा, त्याच पैशात जास्त सोनं येतं. शरीरही हलकं होतं, सबब औषध निम्मं घ्या. गुरूवर वजन अडीचपट होतं, म्हणून गुरुवारी जड काम टाळा. आणि विषुववृत्तावर वजन कमी, ध्रुवावर जास्त.

सोन्याचं वाचून जास्तच तिडीक गेली. मी कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफाची मुलगी. पण आधी चंद्राचं उरकते.

चंद्रावर गुरुत्वाकर्षण नसतं, तर २०१९ च्या ७ सप्टेंबरला आपल्या चांद्रयान-२ चा विक्रम लँडर तिथे आदळला कशाला? तरंगत राहिला असता की! आणि २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चा दुसरा विक्रम अलगद उतरवायला इंजिनं उलटी पेटवायची गरज काय होती? त्याच विक्रमला ३ सप्टेंबरला इस्रोने पुन्हा इंजिनं पेटवून उडी मारायला लावली. तो सुमारे ४० सेंटिमीटर वर गेला आणि ३०-४० सेंटिमीटर बाजूला परत खाली बसला. खाली बसला, हे महत्त्वाचं. चंद्राची ओढ पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश आहे, पण आहे. इथून निघताना विक्रम इंधनासकट १,७५२ किलोचा. तेवढ्या ऐवजाचा चंद्रावर भार आपल्याकडच्या २९० किलोंइतका. शिशाचे बूट वगैरे काही नव्हतं. अपोलोवाल्यांचा पोशाख आणि पाठीवरचा संच मिळून इथे ८० किलोंच्या वर भरायचा, तिथे तो १३-१४ किलोंसारखा वाटायचा. त्यात शिसं भरायचा उद्योग कोण करेल?

आता सोनं. दादा, म्हणजे माझे वडील, पेढीवर बसायचे तेव्हा काटा काचेच्या पेटीत असायचा. तोलताना पंखा बंद, पेटीचं दार बंद, आणि आम्ही पोरं जवळ गेलो की "श्वास सोडू नका". वाऱ्याने काटा हलायचा, पौर्णिमेने कधी हलला नाही. हलणारच नाही, कारण एका पारड्यात पाटली आणि दुसऱ्यात पितळी वजनं. चंद्राने पाटली ओढली तर वजनं काय ओढायची सोडणार आहे? दोन्ही पारडी सारखीच हलकी, काटा मध्यावर. तोच काटा चंद्रावर नेलात तरी एक तोळा एक तोळाच भरेल. तराजू ऐवज मोजतो. शाळेत त्याला वस्तुमान म्हणायचे. वजन म्हणजे त्या ऐवजाला खालच्या ग्रहाने लावलेली ओढ. ग्रह बदलला की ओढ बदलते, ऐवज तोच राहतो. बाजारात आपण दोन्हीला किलोच म्हणतो, म्हणून घोळ होतो.

आता काटे इलेक्ट्रॉनिक झाले, ते ओढ मोजतात, हे कबूल. म्हणून हिशोबच मांडते. चंद्र डोक्यावर असताना त्याच्यामुळे आपलं वजन साधारण एक कोटीत एक भाग कमी होतं. पौर्णिमेला सूर्यही त्याच रेषेत असतो, तो धरला तर कोटीत दीडएक भाग. दहा ग्रॅमला लाख रुपये भाव धरा: फायदा दीड पैसा. तोही काट्याला दिसला तर, आणि पेढीवरचा काटा इतकं बारीक दाखवत नाही.

६० किलोच्या बाईचं याच हिशोबाने कमी होतं १० मिलिग्रॅम. कपाळावरचा घामाचा थेंब त्याच्या चारपाचपट भरतो. गंमत अशी की चंद्र क्षितिजावर असताना वजन उलट केसभर वाढतं. म्हणजे कोजागरीला गच्चीवर चंद्र उगवताना बघता तेव्हा तुम्ही जड असता, आणि मध्यरात्री तो माथ्यावर येऊन हलकं करेपर्यंत पेलाभर मसाला दूध पोटात गेलेलं असतं. आणि हे चढउतार रोज दोनदा होतात. अमावस्येलाही पौर्णिमेइतकेच.

"मग समुद्राला भरती कशी येते? शरीरात सत्तर टक्के पाणी आहे," हे सासूबाईंचं म्हणणं. मेसेजमध्ये तेही होतंच. भरती येते कारण पृथ्वीची चंद्राकडची बाजू आणि पलीकडची बाजू यांत पावणेतेरा हजार किलोमीटरचं अंतर आहे. जवळच्या बाजूला ओढ जरा जास्त, लांबच्या बाजूला जरा कमी, त्या फरकाने समुद्र फुगतो. पाच फुटी माणसात कसला फरक पडणार? मी विचारलं, "आई, आपल्या रंकाळा तळ्याला भरती आलेली बघितलीत कधी?" त्या गप्प.

पण खरा संताप गोळीचा. समजा, अंग खरंच निम्मं हलकं झालं. मग गोळीही निम्मी हलकी झाली असती ना, तिला काय चंद्र ओळखत नाही? औषध लागतं ते शरीरातल्या रक्तामांसाच्या ऐवजाला. चंद्रावर गेलेल्या माणसाचं रक्त सहावा हिस्सा उरत नाही. एका अर्ध्या गोळीने आभाळ कोसळत नाही, पण दर महिन्याला डॉक्टरांना न विचारता डोस कापायचा, आणि तो शहाणपणा दहा जणांना पाठवायचा, याला काय म्हणावं?

गुरूचं: अडीचपट बरोबर आहे. फक्त तिथे उभं राहायला जमीन नाही, नुसता वायू. आणि गुरूची आपल्यावरची ही भरतीवाली ओढ चंद्राच्या दीड लाखाव्या हिश्श्याहूनही कमी. गुरुवारी पिंप खुशाल उचला.

शेवटचा मुद्दा मात्र खरा आहे, नाइलाजाने मान्य करते. पृथ्वी फिरते आणि मध्याशी फुगीर आहे, म्हणून विषुववृत्तावर वजन ध्रुवापेक्षा अर्धा टक्का कमी. ६० किलोला ३०० ग्रॅम. १६७२ मध्ये रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळ कायेनला गेला, तर पॅरिसहून नेलेलं त्याचं लंबकाचं घड्याळ रोज अडीच मिनिटं मागे पडू लागलं. ओढ कमी, म्हणून लंबक सावकाश. त्यावरूनच हे पहिल्यांदा ध्यानात आलं. मेसेज लिहिणाऱ्याला हे कुठून मिळालं कोण जाणे. खोट्यात एक खरं खपवलं की सगळंच खरं वाटतं.

हे सगळं सासूबाईंना चहासोबत सांगितलं. उरलेली अर्धी गोळी काय करायची ते डॉक्टरांना फोन करून विचारलं. सासूबाई जरा वेळ विचार करून म्हणाल्या, "मी बासष्ट किलो. चंद्रावर किती भरेन?"

"दहाच्या आसपास."

"म्हणजे गुडघे दुखणार नाहीत," म्हणाल्या, आणि मोबाइल हातात घेतला.