समई, शंकरपाळे आणि चार इंची व्हाइस

गौरी-गणपतीला आठ दिवस उरले की आमच्याकडे पितळ बाहेर निघतं आणि माझी झोप उडते. यंदा निमित्त झालं समईचं. सासूबाईंनी लग्नात दिलेली, त्यांच्याही सासूबाईंच्या वेळची, कमरेएवढी उंच. खाली बैठक, मध्ये कंगोऱ्याकंगोऱ्यांचा खांब, वर पाच चोचींचं तबक आणि त्यावर मोर. हे सगळे भाग आट्यांनी एकमेकांत बसतात. म्हणजे, बसतात असं आम्ही ऐकून होतो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मोर सोडला तर यातलं काहीही जागचं हललेलं नाही.

"अहो, यंदा तबक तरी खोलून द्या. सांध्यात नुसतं कीट बसलंय," बायको म्हणाली.

मी खांब मांड्यांत आवळला, तबकाला फडकं गुंडाळलं आणि पिळलं. समई, मी आणि खालची सतरंजी असे तिघंही एकदम फिरलो. बायकोला खांब धरायला सांगितला, तर ती धरायची आणि मी जोर लावला की सोडायची. चूक तिची नव्हती. तेलकट पितळ, तेही गोल. धरणार कुठे?

लहानपणी कोकणात आमच्या अंगणात सुतार बसायचा. लाकडाचा तुकडा पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरायचा आणि दोन्ही हात पटाशीला मोकळे. तुकडा जरा जाड असला तर दोन तळव्यांत. त्याची पावलं म्हणजे दर मिनिटाला आकार बदलणारी पकड होती. मी बँकेत एकतीस वर्षं काढलेला माणूस. माझी पावलं चपलेशिवाय काहीही धरू शकत नाहीत.

तेव्हा व्हाइस, म्हणजे वस्तू दोन जबड्यांत आवळून धरणारा शिकंजा, आणायचं ठरलं. बोहरी आळीत स्कूटर लावायला जागा शोधण्यात तासभर गेला. दुकानदाराने विचारलं, "कितीचा देऊ?"

"एकच द्या."

"तसं नाही हो. चार इंची, पाच इंची, सहा इंची?"

व्हाइस जबड्याच्या रुंदीवर विकतात हे तेव्हा कळलं. मी चार इंची घेतला. आठ-नऊ किलोचं ते बीड पिशवीतून जिन्यावर चढवताना पिशवीने दुसऱ्या मजल्यावर राजीनामा दिला. तिथून वर व्हाइस मी बाळासारखा कडेवर आणला.

बाल्कनीतल्या जुन्या टेबलाला चार बोल्ट मारून तो बसवला. टेबलाच्या बरोबर मध्यावर, दिसायला छान म्हणून. मग समई आणली. आडवी धरावी तर बैठक टेबलाला अडते. उभी धरावी तर खालून टेबलाची फळीच आडवी येते. व्हाइस बसवताना त्याचा आतला, न हलणारा जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर यायला हवा, म्हणजे लांब वस्तू उभी लोंबकळत धरता येते. ही गोष्ट चार भोकं पाडल्यावर कळते. मग आणखी चार पाडली. टेबल आता चाळणीच्या कामाला येईल.

नव्या जागी समई उभी धरली आणि दांडी फिरवली. जबडे जवळ आले, टेकले, मी अजून फिरवलं, मग अजून. तबक पिळलं. आणि कर्रर्र असा आवाज करत अख्खा खांब जबड्यातल्या जबड्यात फिरला.

बाहेर काढून पाहिलं, तर सासूबाईंच्या सासूबाईंच्या समईवर शंकरपाळे! तिरप्या रेघा, त्यांना छेदणाऱ्या उलट्या तिरप्या रेघा, मध्ये बारीक चौकटी. कातण्याने कापल्यासारखे, आणि दोन्ही बाजूंना. व्हाइसच्या जबड्यांवर पोलादाच्या खाचा पाडलेल्या पट्ट्या असतात. त्या कडक केलेल्या असतात आणि पितळ त्यांच्यापुढे लोण्यासारखं. मी घाईघाईने पितांबरी लावली. शंकरपाळे आणखी खुलले.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. काका पिंपरीच्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हातून मशीन सुटली, पण माणसांना जॉब, म्हणजे मशीनवर घडवायची वस्तू, म्हणायची सवय सुटली नाही.

काका वर आले. समईकडे बघितलं नाही, आधी व्हाइससमोर ताठ उभे राहिले, मूठ हनुवटीखाली धरली आणि कोपर खाली आणलं. ते जबड्याच्या वर वीतभर हवेतच राहिलं.

"बुटका बसवलायस. कोपर जबड्याला टेकलं पाहिजे. दहा मिनिटं कानस मारलीस तर कंबर जाईल."

"काका, कानस नाही मारायची. समई खोलायचीय."

मग त्यांनी शंकरपाळे पाहिले आणि चष्मा काढून पुसला. घरात कोणी गेल्यावर लोक पुसतात तसा.

"किती आवळलं होतंस?"

"जेवढं जमलं तेवढं. उद्या व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप दांडीवर चढवून अजून आवळणार होतो."

"पाइप लावायचा नाही! दांडी मऊ लोखंडाची असते, ती आधी वाकते, म्हणजे आपल्याला कळतं की बास झालं. तू पाइप लावणार, वर हातोडा मारणार, आणि मग बीड तडकणार. तुमच्या घरी बिडाचा तवा आहे ना? टाकून बघ फरशीवर."

बायको आतून म्हणाली, "काही टाकून बघायचं नाही."

"आणि मुळात," काका माझा अंगठा हातात घेत म्हणाले, "गोल वस्तू दोन सपाट जबड्यांत टेकते किती? इकडे एक रेघ, तिकडे एक रेघ. संपलं. तू किती का आवळ, सगळा जोर त्या दोन रेघांवर. रेघ पितळात रुतणार नाहीतर जॉब फिरणार. तुझ्याकडे दोन्ही झालं."

एका बाजूला व्हीच्या आकाराची खाच असली तर गोल दांडा तीन ठिकाणी टेकतो आणि जागचा हलत नाही, हे त्यांनी कागदावर काढून दाखवलं. पण समईचा खांब सरळ कुठे असतो? मणी, कंगोरे, मध्ये बारीक कंबर, पुन्हा मणी. व्ही फक्त मण्यांवर टेकणार आणि मण्यांची जिलबी होणार. सरळ भाग काय तो तबकाच्या खाली चार बोटं.

एवढ्यात भाच्याने मोबाइल पुढे केला. त्यात एक व्हाइस होता, 1913 साली अमेरिकेत पेटंट घेतलेला. जबडा म्हणजे एक अर्धगोल, त्यात सरकणारे दोन लहान अर्धगोल, त्यांतही आणखी लहान. वाकडीतिकडी वस्तू मध्ये ठेवून दांडी फिरवली की हे सगळे आपापले वळतात आणि वस्तूला चहूबाजूंनी कवेत घेतात. मी हरखून गेलो. समईच काय, सासरची माणसंसुद्धा धरता आली असती त्यात.

काकांनीही तीनदा पाहिलं. "सुरेख आहे," ते म्हणाले. "आता बंद कर आणि जुन्या पलंगाचा पाय आण."

सागवानी पायाचे दोन ठोकळे कापले. काकांनी ते एकावर एक ठेवले, मध्ये लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घातला आणि बरोबर सांध्यावर खांबाच्या मापाचं भोक पाडायला घेतलं. त्यांच्या खोलीत उभं ड्रिल मशीन आहे, देवघरापेक्षा स्वच्छ. मी मदत म्हणून ठोकळे हाताने धरले.

"हात काढ!" काका असे ओरडले की मी पायसुद्धा काढले. ड्रिल पार होताना शेवटच्या क्षणी खालच्या थरात अडकतं आणि मग ठोकळाच पंख्यासारखा फिरतो, मध्ये बोटं असली तर बोटांसकट. ठोकळे सी-क्लॅम्पने टेबलाला जखडले, भोक पडलं आणि पुठ्ठा काढून टाकला. मी विचारलं, हा पुठ्ठा कशाला? काका हसले. पुठ्ठा काढला की दोन अर्धी भोकं मिळून पूर्ण गोल होत नाही, पुठ्ठ्याएवढी फट राहते. ती फट आवळायला लागते. नाहीतर ठोकळा ठोकळ्याला भिडतो आणि जॉब मध्ये मजेत फिरत बसतो. आतून सायकलची ट्यूब कापून चिकटवली.

मला हे सारखं कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. स्वयंपाकघरात गेलो तेव्हा लक्षात आलं. आमची सांडशी! तिची तोंडं पातेल्याच्या काठासाठी वळवलेली आहेत, म्हणून ती उकळतं दूध दोन बोटांच्या जोरावर उचलते. सव्वीस वर्षं ती रोज माझ्यासमोर चहा उतरवत होती आणि मी बोहरी आळीत पार्किंग शोधत होतो.

एक अडचण उरली होती. व्हाइसच्या मधोमध स्क्रूची पेटी असते, त्यामुळे लांब वस्तू उभी धरायची तर जबड्याच्या एका टोकालाच धरावी लागते. तशी धरली की हलता जबडा तिरका होतो, एकीकडे घट्ट, दुसरीकडे दाताला फट. काकांनी दुसऱ्या टोकाला बरोबर तेवढ्याच जाडीचा ठोकळा घातला. जबडा सरळ झाला.

दांडी काकांनी फिरवली, दोन बोटांनी. मी म्हणालो, अजून थोडं? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी स्वतःच्या तोंडाला टाळं लावून घेतलं. बायकोने सांध्यावर उकळतं पाणी ओतलं. जुनं तेल सुटू लागलं, एक खमंग-कुबट वास आला. काकांनी तबकाला फडकं लावून वळवलं. कुर्र. पुन्हा वळवलं. आणि तबक निघालं, डब्याचं झाकण निघावं तसं. खांबावर नवीन ओरखडा एक नाही.

मग मी कामाला लागलो. आट्यांमध्ये काळा, चिकट, दोऱ्यासारखा काहीतरी कचरा अडकला होता. सेफ्टी पिनने उकरून उकरून तो मी सगळा काढला. हातभर निघाला. आटे नव्यासारखे चमकले. ते मी सोसायटीत चार जणांना दाखवले.

गौरी आल्या, सासूबाईही आल्या. शंकरपाळ्यांची एक बाजू भिंतीकडे करून समई लावली होती, दुसऱ्या बाजूपुढे केवड्याचं पान उभं केलं होतं. आरती सुरू व्हायच्या वेळी कोणीतरी पाट सरकवला आणि पाच पेटत्या वातींसह तबक डुलायला लागलं. तेल या चोचीतून त्या चोचीत.

सासूबाई पुढे झाल्या. "अगोबाई! डुगडुगायला लागली की ही पुन्हा! जावईबापू, हिचे आटे झिजलेत. म्हणून तर मामंजींनी सुताचा दोरा गुंडाळून घट्ट बसवली होती. कोणी खोलली?"

सगळ्या सोसायटीने माझ्याकडे पाहिलं. दोरा आणायला वेळ नव्हता, सुखकर्ता सुरू झालं होतं. मी खाली बसून खांब आणि तबकाचा तळ दोन हातांनी धरला. टाळ्या वाजवता येईनात, वरून गरम तेलाचा एक थेंब मनगटावर पडला.

काका टाळ वाजवत शेजारी येऊन उभे राहिले. माझ्या हातांकडे जरा वेळ बघितलं आणि कानाशी वाकून म्हणाले, "दोनच ठिकाणी टेकलायस."

मी गुडघा लावला.