मोहेंजोदडोवर अणुबॉम्ब पडला नव्हता, फॉरवर्ड आवरा

"हात धरून मेलेले 44 सांगाडे, त्यांत आजही 50 पट किरणोत्सर्ग, वितळून काच झालेले दगड. ब्रह्मास्त्रच ते!" हा मजकूर काल काकूंच्या ग्रुपवर पुन्हा आला, या वेळी "नासाही थक्क" अशी शेपूट लावून. नासा उत्खनन करत नाही. तो मुद्दा इथेच संपला.

किरणोत्सर्गाचा दावा सगळ्यात निर्बुद्ध, म्हणून आधी तोच. अणुस्फोटानंतर वर्षानुवर्षे त्रास देतात ती किरणोत्सर्गी द्रव्यं मुख्यतः सीझियम-137 आणि स्ट्रॉन्शियम-90. दोघांचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, साधारण 30 वर्षं. शहर ओस पडलं इ.स.पू. 1900 च्या सुमारास, म्हणजे तेव्हापासून ही द्रव्यं 130 वेळा निम्मी झाली. दहा वेळा निम्मं केलं तरी हजारावा भाग उरतो. 130 वेळा करून बघा. प्लुटोनियम-239 टिकतं, अर्धायुष्य 24,000 वर्षं, पण मग ते मातीत दाखवा. शिवाय पुरलेलं हाड भूजलातलं युरेनियम आपसूक शोषतं, त्यामुळे यंत्र टिकटिकलं म्हणून बॉम्ब ठरत नाही. आणि "50 पट" कशाच्या? कुठला सांगाडा, कुठला थर, कुठली प्रयोगशाळा? मजकुरात यातलं काही नाही.

काच म्हणजे खंगर. वीटभट्टीत जास्त भाजलेल्या विटा वितळून एकमेकींना चिकटतात, तेच. मोहेंजोदडोत भांड्यांच्या भट्ट्या होत्या, दगडासारख्या कडक मातीच्या बांगड्या बंद भांड्यात घालून भाजत. स्फोटाची काच मोठ्या पट्ट्यात पसरते, केंद्रापासून विरळ होत जाते. इथला खंगर कारागिरांच्या जागी ढिगाढिगांनी आहे, त्यात भाजताना बिघडलेली खापरं.

सांगाड्यांबद्दल मात्र अर्धं खरं आहे, मान्य करावं लागतं. एका खोलीत 14 जण एकत्र सापडले, काही गल्लीत वेडेवाकडे पडलेले होते. कत्तलीची कथा खुद्द पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरनीच गाजवली, तीही बॉम्बची नव्हे, आर्यांच्या हल्ल्याची. ती 1964 साली पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्सनी मोडली. सगळे मिळून 37 च्या आसपास सांगाडे, तेही वेगवेगळ्या काळातले, आणि बालेकिल्ल्यावर एकही नाही. जुन्या उत्खननात वस्तू किती खोल सापडली ते ठरावीक बिंदूपासून फुटांत मोजत, थरानुसार नोंद नसे. वरून खड्डा खणून पुरलेला माणूस मग खालच्या थरातला वाटतो. पुढे मानवशास्त्रज्ञ केनेथ केनेडींनी हाडं तपासली, तर बहुतेक "घाव" मेल्यानंतर हाडाला गेलेले तडे निघाले.

स्फोट झाला असता तर भिंती एका दिशेला आडव्या झाल्या असत्या. त्या अजून उभ्या आहेत. त्यांना खातंय ते मीठ: भूजलातले क्षार विटेत चढतात, पाणी उडालं की आत स्फटिक फुगतात आणि विटेचा पापुद्रा सुटून पायथ्याशी पिठासारखा साचतो.