साहेबांचा नंबर कुणाकडं असतो?

कोल्हापुरात साहेबांचा खासगी नंबर गुप्त असतो तो फक्त बिनओळखीच्या माणसापासून. ठेकेदाराकडं तो असतो, तालमीच्या अध्यक्षाकडं असतो. नसतो तो चार दिवस नळाला पाणी नसलेल्या मावशीकडं.

मध्यंतरी आमच्या गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी पाणीपुरवठ्यातल्या एका अभियंत्याचा असा नंबर टाकला. रात्रभर फोनवर फोन. सकाळी नंबर बंद आणि ग्रुपवर दोन तट. ‘आमच्या घरफाळ्यातनं पगार घेतोय, उचलायलाच पाहिजे’ म्हणणारे एकीकडं, ‘त्याला बायकापोरं हाईत का न्हाईत?’ म्हणणारे दुसरीकडं. मी इंग्लंडात लीड्समध्ये बसून हे वाचत होतो, आणि मला दोन्ही बाजू पटत होत्या.

इथं नगरसेवकाचा फोन आणि ई-मेल कौन्सिलच्या संकेतस्थळावर सापडतो. खासदार बहुधा शुक्रवारी-शनिवारी मतदारसंघात भेटीला बसतो. लीड्सजवळच्या बर्स्टलमध्ये अशाच भेटीला निघालेल्या खासदार जो कॉक्स यांचा जून २०१६ मध्ये खून झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये डेव्हिड एमेस यांना तर भेट चालू असतानाच भोसकलं. त्यानंतर बंदोबस्त वाढला, पण भेटी बंद पडल्या नाहीत. घरचा पत्ता मतपत्रिकेवर न छापण्याची मुभा उमेदवारांना त्याआधीपासूनच आहे. घर झाकायचं आणि खुर्ची उघडी ठेवायची, ही वाटणी मला पटते.

म्हणून इथलं सगळं गोड आहे असं नाही. तक्रार केली की क्रमांक मिळतो, नम्र उत्तर येतं, माणूस काही येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडली होती, कुंभार गल्लीत पाणी शिरलं होतं आणि मी इथून एका कार्यालयाला फोन लावत होतो. तो नुसता वाजत राहिला. शेवटी तालमीतल्या एका पोराला लावला, त्यानं उचलला, ‘दादा, काकू वरच्या मजल्यावर हाईत, बोट आलीया’ म्हणाला. असला फोन मला लीड्समध्ये कुणी उचलणार नाही.

पण अशा पोरांच्या जिवावर शहर किती दिवस चालवायचं? नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढं पाच वर्षं प्रशासक. ज्याचं दार वाजवायचं तो नगरसेवकच नव्हता म्हटल्यावर लोक अधिकाऱ्याच्या खासगी नंबरामागं लागणारच होते.

माहिती अधिकाराच्या कलम ४ नुसार अधिकाऱ्यांची यादी कार्यालयानं न मागता प्रसिद्ध करायची असते. उलट २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं त्याच अधिकारातलं कलम ८ आवळलं. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला घालणारी माहितीच नाकारता यायची. आता ‘वैयक्तिक’ एवढं म्हटलं तरी पुरतं. जनहिताची पळवाट कायद्यात शिल्लक आहे, पण ती उघडायची किल्ली साहेबांच्याच खिशात. साहेबांच्या पोराची शाळा झाकावी, माझी हरकत नाही. बिलावर सही कुणाची, हेही त्याच चादरीखाली जाईल ही भीती आहे.

माझं म्हणणं साधं आहे: सिमकार्ड पदाचं असावं, बदलीच्या वेळी फायलींबरोबर त्याचाही चार्ज द्यावा, आणि साहेब घरी गेले की पाळीवरच्या माणसानं ते उचलावं. तक्रारी ऐकायला लोकशाही दिन आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, पंधरा दिवस आधी ठरलेल्या नमुन्यात अर्ज देऊन. तोवर मावशीनं घागर कुठं भरायची?