काही लागलं तर बिनधास्त विचार

रात्रीचे १ वाजून ४० मिनिटं. उद्या सकाळी ९ ला नोंदणी सुरू, घोषणा आज रात्रीच टाकायची. पोस्टर तयार, मजकूर तयार, फॉर्म तयार, डोळ्यांची पार वाट लागलेली. आणि आमच्याच कॉलेजच्या संघटनेचं इन्स्टाग्राम मला विचारतंय, आपण कोण?

अध्यक्ष आहे मी. गेले ५ आठवडे. स्टेजवर हातात हात देऊन फोटो काढलाय, तो याच अकाउंटवर टाकलाय, खाली लोकांनी टाळ्या वाजवल्यात. पण अकाउंटला फोटोशी देणंघेणं नाही. त्याला ६ आकडे हवेत, आणि ते ६ आकडे जाऊन पडतात मावळत्या अध्यक्षांच्या खिशात.

"दादा, जागा आहेस का? एक ओटीपी आला असेल."

दोन टिक. १० मिनिटांनी निळ्या. उत्तर नाही. आणखी १० मिनिटांनी, "अगं हो, आला होता की!! आत्ता बघितला." आणि खाली ते आकडे. टाकले. कोडची मुदत संपली आहे. अर्थातच संपली आहे. परत मागवला. "दादा, आता बघ, आत्ता आलाय, लगेच सांग." एक टिक. एकच. म्हणजे मधल्या दोन मिनिटांत या माणसाने नेट बंद केलं आणि झोपला. मी तिसऱ्यांदा मागवला, कारण माणूस बुडायला लागला की हातपाय मारतोच. त्यावर अ‍ॅप म्हणतं, तुम्ही फार वेळा प्रयत्न केलात, थोड्या वेळाने या. मी! मी फार प्रयत्न केले!

मग दुसरा रस्ता. ओळख पटवण्यासाठी सेल्फी व्हिडिओ द्या, मान डावीकडे, मान उजवीकडे. तो व्हिडिओ म्हणे अकाउंटवरच्या फोटोंशी ताडून बघतात. आमच्या अकाउंटवर शेकडो चेहरे आहेत आणि प्रोफाइलला आहे लोगो. लोगोला मान नाही. रात्री २ वाजता खोलीतल्या ट्यूबखाली मी एकटीच मान डावीकडे-उजवीकडे करत बसले होते, हे दृश्य कुणी बघितलं नाही एवढंच माझं नशीब.

यावर कुणी सांगेल, अगं, हँडओव्हर झाला नव्हता का? झाला होता ना! निरोपाचा कार्यक्रम दोन तास चालला. त्यात रडारड, व्हिडिओ, "ही संघटना नाही, हे कुटुंब आहे," परत रडारड. आणि हँडओव्हर? कार्यक्रमानंतर खुर्च्या उचलता उचलता, ४ मिनिटं. दादा म्हणाला, "फाइल शेअर केलीय, त्यात सगळं आहे. आणि काही लागलं तर बिनधास्त विचार."

हे वाक्य. या एका वाक्यावर माझा जुना राग आहे. काही लागलं तर विचार! काय लागणार आहे ते मला माहीत असतं तर मी तेव्हाच विचारलं नसतं का? जे माहीत नाही हेच माहीत नाही, ते माणूस विचारणार कसं? हॉलच्या अर्जावर दोन सह्या लागतात आणि दुसरी सही करणारे सर फक्त मंगळवारी असतात, हे मला मंगळवारी संध्याकाळी कळलं. विचारायचं काय होतं मी आधी? "दादा, मंगळवारबद्दल काही सांगायचं आहे का?"

आणि ती फाइल. नाव, हँडओव्हर फायनल २ खरंच फायनल. उघडली. पान १. वर मध्यभागी संघटनेचं नाव, खाली ठळक अक्षरांत आमची उद्दिष्टं, खाली कार्यकारिणीचा फोटो. त्याखाली पासवर्ड म्हणून एक ओळ, आणि तिच्यापुढे लिहिलंय, "नेहमीचाच". नेहमीचाच! कुणाच्या नेहमीचा?

बरं. इथे मला एक गोष्ट कबूल करावी लागेल, कारण नाहीतर आमच्या कमिटीतलं कुणीतरी ती खाली येऊन सांगेलच. अकाउंटला हे दुहेरी कुलूप मुळात लागलं कुणामुळे? गेल्या वर्षी "तुमच्या पोस्टने कॉपीराइटचा भंग झाला आहे, २४ तासांत हा फॉर्म भरा, नाहीतर अकाउंट बंद" असा एक मेसेज आला होता. तेव्हा एका अत्यंत तत्पर सहसचिवाने तो फॉर्म ११ मिनिटांत भरला. पासवर्डसकट. नंतर दोन दिवस आमच्या अकाउंटवरून लोकांना गॉगलच्या जाहिराती जात होत्या. ती सहसचिव कोण, हे मी सांगत नाही. आता ती अध्यक्ष आहे.

तर ते निस्तरल्यावर दादाने कुलूप लावलं. आणि हे आठवल्यावर माझ्या पोटात जरा कालवलं, म्हणून मी आमच्या चॅटमध्ये "कोड" शब्द शोधला. सापडला मेसेज. गेल्या वर्षीचा. बॅकअप कोडांचा स्क्रीनशॉट आणि खाली दादा, "फोन हाताशी नसेल तर हे चालतात. जपून ठेव, कधीतरी लागतील." त्यावर माझा अंगठा. वर केलेला. पिवळाधमक.

पहिलाच कोड चालला. २ वाजून ३५.

पण म्हणून राग उतरला असेल असं समजू नका. तो फक्त ओटीपीवरून उठला आणि ड्राइव्हवर जाऊन बसला. कारण स्क्रीनशॉट पाठवला म्हणजे कारभार सोपवला असं होत नाही. वर्षभरापूर्वी, निम्म्या झोपेत असलेल्या सहसचिवाला, मीम आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा यांच्या मधोमध! फाइलीत एक ओळ लिहायला काय जात होतं? उद्दिष्टं लिहिलीस ना अर्धं पान?

ड्राइव्हचं ऐका. दोन वर्षांपूर्वीच्या कमिटीने सगळं कॉलेजच्या मेलवर ठेवलं होतं. पास झाले, मेल बंद, ड्राइव्ह गेला. तीन वर्षांचे अहवाल, फोटो, प्रमाणपत्रांचे साचे, सगळं मुसळ केरात. त्यावरून धडा घेऊन दादाने सगळं स्वतःच्या खासगी अकाउंटवर ठेवलं. धडा घेतला, पण उलटा धरून. आता १५ जीबीमध्ये त्याचे मेल, त्याचे फोटो, त्याचे ट्रेकचे व्हिडिओ आणि आमची संघटना असे सगळे एकत्र नांदतात. परवा स्वयंसेवकांचा फॉर्म अचानक घेईना. का? त्यात ओळखपत्राचा फोटो जोडायचा होता, तो फोटो जाऊन बसतो फॉर्मच्या मालकाच्या जागेत, आणि मालक गेल्या रविवारी डोंगरावर गेला होता. माणूस डोंगरावर चढला आणि आमचे स्वयंसेवक खाली अडकले.

"मग मालकी तुझ्या नावावर करून घे की." घेतली! फोल्डरची. फोल्डर माझं झालं, आतल्या फाइली त्याच्याच राहिल्या. सातबारा माझ्या नावावर, उभं पीक दुसऱ्याचं. एकेक फाइल त्याने द्यायची, एकेक मी स्वीकारायची. आम्ही ९ फाइलींपर्यंत पोचलो आणि त्याला ऑफिसचा फोन आला. राहिल्या आहेत २००च्या वर.

बँकेबद्दल मला बोलायला लावू नका. बोलतेच. खात्यावर तिघांच्या सह्या आहेत, तिघांतले कुठलेही दोन चालतात, आणि तिघांतले दोन पास होऊन गेले. नवीन नावं घालायला बँकेला ठराव हवा. ठराव म्हणजे सभेचं इतिवृत्त. इतिवृत्ताची वही मिळाली, हे त्यातल्या त्यात आश्चर्य. तिच्यातली शेवटची नोंद ३ वर्षांपूर्वीची आहे आणि ती अशी संपते, "त्यानंतर खजिनदारांनी असे मांडले की". बस. पुढे कोरं पान. काय मांडलं त्यांनी? सभा उधळली? पेन संपलं? कुणालाच माहीत नाही. तोवर पैसे खात्यात सुखात पडलेत आणि हॉलची अनामत मी खिशातून भरलीय. पावती एका पाकिटात घालून त्यावर "महत्त्वाचं" लिहिलंय. पाकीट कुठे ठेवलंय ते विचारू नका.

प्रायोजकांची शीट तर जपून ठेवण्यासारखी आहे. १९ नावं, आणि "स्थिती" या रकान्यात १४ ठिकाणी एकच शब्द, "बोललोय". कोण बोललंय? कुणाशी? कधी? ते हो म्हणाले की शिव्या घातल्या? मी पहिल्याला फोन लावला. समोरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "गेल्या वेळी तुम्ही कार्यक्रमानंतर अहवाल आणि फोटो पाठवणार होतात." होतो ना. आमचा शब्दही असाच कुणाच्या तरी खासगी अकाउंटवर राहिला.

आणि ग्रुप! कोअर, कोअर २, कोअर खरी, कोअर सरांशिवाय. "खरी" मधला एकमेव अ‍ॅडमिन बाहेर पडला, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपने आपल्या मनाने दुसऱ्याला अ‍ॅडमिन केलं. तो मुलगा दोनदाच मीटिंगला आला होता. सध्या संघटनेतली सर्वोच्च सत्ता त्याच्याकडे आहे आणि त्याने ग्रुप म्यूट केलाय.

तसे जुने पदाधिकारी दोन प्रकारचे. एक जातात ते जातातच, गधेगळीच्या, म्हणजे दिलेलं दान मोडणाऱ्यासाठी जुन्या शिळेवर कोरलेल्या शापाला घाबरल्यासारखे मागे वळून बघत नाहीत. दुसरे जातच नाहीत. मार्गदर्शक म्हणून ग्रुपमध्ये राहतात आणि दर पोस्टरखाली "आमच्या वेळी" सुरू. माझ्या नशिबी तिसरा प्रकार आला. ओटीपी मागितला की पहिला, मत द्यायचं असलं की दुसरा.

आता म्हणाल, उपाय काय. उपाय काय रॉकेट सोडण्याचा आहे का? निवडणूक परीक्षेच्या तोंडावर घ्यायची नाही, महिनाभर आधी घ्यायची. तो महिना नव्याला जुन्याच्या शेजारी बसवायचं, बँकेत सोबत न्यायचं, सरांकडे सोबत न्यायचं, प्रायोजकाला फोन नव्याने लावायचा आणि जुन्याने नुसतं ऐकायचं. संघटनेच्या नावाचा एक मेल, संघटनेचा एक नंबर, आणि बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात. कपाटाची चावी... कपाटाची चावी हा वेगळा विषय आहे. कपाट आम्ही गेल्या आठवड्यात पाना घालून उघडलं. आत एक जुना बॅनर, कशालाच न लागणाऱ्या ४ केबली, वाळून दगड झालेला फेविकॉल आणि नावात चूक झाली म्हणून कधीच न दिलेली एक ट्रॉफी. आणि चावी. आत.

हे सगळं मी रीतसर लिहून काढायचं ठरवलं. नव्या लोकांसाठी, मुद्देसूद. रात्री पावणेतीनला नवीन फाइल उघडली, नाव दिलं "हँडओव्हर", दोन ओळी लिहिल्या, आणि मग लक्षात आलं की फाइल माझ्याच खासगी अकाउंटवर उघडलीय. बंद केली. सकाळी बघू.

२ वाजून ५२ ला घोषणा टाकली. पोस्टर चढलं, मजकूर चढला, लिंक चालतेय का दोनदा बघितलं. फोन उलटा ठेवणार तेवढ्यात पहिली कमेंट आली. दादाची.

"फॉन्ट बदलला का गं? आधीचाच बरा होता."