गीझर 24 तास चालू ठेवण्याआधी मीटरचा लाल दिवा मोजा

थंडी पडली की साताऱ्यात मोबाइलवर दोन गोष्टी हमखास फिरायला लागतात. एक म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा लेकवर गोठलेल्या दवाचे फोटो, आणि दुसरी म्हणजे वीजबिल निम्मं करायचा मेसेज. फोटोंबद्दल माझी तक्रार नाही.

यंदाचा मेसेज मला शाहूपुरीतल्या तीन गिऱ्हाइकांनी आणि कोरेगावच्या मावसभावानं पाठवला. ‘निवृत्त अभियंत्याचे सहा उपाय, कंपन्या कधीच सांगणार नाहीत’ असा मथळा. अभियंत्याचं नाव नाही, गाव नाही. उपाय थोडक्यात असे. गीझर 24 तास चालू ठेवा, चालू-बंद करण्यातच जास्त वीज जाते. तापमान 75 अंशांवर ठेवा आणि गार पाणी मिसळून अंघोळ करा. क्षार साचले की गीझर दुप्पट वीज खातो, म्हणून दर महिन्याला टाकीत अ‍ॅसिड ओता. खोली उबदार ठेवायला तेलाचा हीटर घ्या, तो निम्म्या विजेत चालतो. पाणी तापवायचा सोलर थंडीत निकामी असतो, तो झाकून टाका. आणि वीज नकोच असेल तर कोळशाची शेगडी घ्या, शेजारी वाटीभर पाणी ठेवलं की विषारी वायू त्यात विरघळतो.

मी वायरमन आहे. आयटीआय करून 22 वर्षं झाली, आणि हिवाळ्यात निम्मी कामं गीझरचीच असतात. या सहांपैकी पाच उपायांनी फार तर खिसा हलका होईल. सहाव्यानं माणूस जाईल, त्यामुळे त्यावर शेवटी सावकाश बोलतो.

पहिला उपाय विहिरीवरच्या मोटारीवरून उचललेला दिसतो. मोटार सुरू होताना पाच-सहापट करंट ओढते हे आपल्याकडे कुठलाही शेतकरी सांगेल. पण ती ओढ काही सेकंदांची असते, आणि मुख्य म्हणजे गीझरमध्ये मोटारच नाही. आत आहे ती कॉइल. 2000 वॅटची कॉइल बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणीही जवळपास 2000च वॅट घेते आणि वीस मिनिटांनीही तेवढेच. दिवसातून दहा वेळा चालू-बंद केली म्हणून तिला जादा काही लागत नाही.

मग वीज जाते कुठे? हिशेब सोपा आहे. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 0.7 युनिट लागतं, म्हणजे 2 किलोवॅटच्या गीझरला एकवीस-बावीस मिनिटं. हा खर्च टळत नाही, पाणी तापवायचं तर तो करावाच लागतो. टळतो तो दुसरा. तापलेलं पाणी टाकीत नुसतं उभं राहिलं की थंड होत जातं. टाकीभोवती पफचं, म्हणजे फोमचं, अस्तर असतं, पण त्यातूनही उष्णता थोडी थोडी गळतेच. गळाली की थर्मोस्टॅट कॉइल पुन्हा चालू करतो. तुम्ही कामावर गेलेले, मुलं शाळेत, आणि बाथरूममध्ये गीझर कुणासाठीही नसलेलं पाणी तापवत बसलेला. गीझरवर जे तारे छापलेले असतात ते याच गळतीचे: पाणी नुसतं उभं असताना 24 तासांत किती उष्णता जाते त्याचे. चालू ठेवण्यात फायदा असता तर या गळतीवर तारे द्यायची गरज काय होती?

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजा. एका रात्री फ्रीजसकट सगळं बंद करून फक्त गीझर चालू ठेवा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि तो किती वेळा लुकलुकला की एक युनिट होतं, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. रात्री झोपताना आणि सकाळी नळ सोडायच्या आधी रीडिंग लिहून ठेवा. एवढा वेळ थांबायचं नसेल तर आत कॉइल लागली की नुसतं मीटरसमोर जाऊन उभे राहा. दिवा कसा धावायला लागतो ते बघून आमच्या गल्लीतले एक मास्तर स्वतःच आत जाऊन बटण बंद करून आले. गळती दिवसाला अर्धा युनिट जरी धरली तरी महिन्याला 15 युनिट झाले. बिलात 100 युनिटला एक टप्पा संपतो, 300ला दुसरा, आणि टप्पा ओलांडला की पुढच्या युनिटचा दर चढतो. ज्यांचं बिल 95-98वर घुटमळतं त्यांना हे 15 युनिट चांगलेच टोचतात. (‘कोयना आपल्या पाटण तालुक्यातली, मग वीज आपल्याला महाग का?’ हाही प्रश्न मला दर वर्षी ऐकावा लागतो. कोयनेचे 1,960 मेगावॅट राज्याच्या जाळ्यात जातात. आपलं मीटर काही धरणाला जोडलेलं नाही.)

मेसेजला एवढं मात्र देतो: घरात पाच माणसं असतील आणि एकामागून एक अंघोळी होणार असतील, तर त्या तासाभरात दर वेळी बटण बंद करायची गरज नाही. शेवटचा माणूस बाहेर आला की बंद करा, झालं.

75 अंशांचं उत्तर वरच्यातच आहे. बाथरूम 20 अंशांवर असेल तर 75च्या पाण्यात आणि हवेत 55 अंशांचा फरक पडतो, 55च्या पाण्यात 35चा. फरक जेवढा मोठा, गळती तेवढी जास्त. शिवाय पाणी जितकं तापतं तितके क्षार भराभर बसतात. टाकी लहान आणि माणसं जास्त असतील तर तापमान वर ठेवण्यात अर्थ आहे, कारण गार पाणी मिसळून जास्त बादल्या निघतात. एरवी 55 ते 60 पुरे. काटकसरीच्या नादात 40वर आणून महिनोन्‌महिने तसंच ठेवू नका, कोमट साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

क्षारांचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि अर्धं खरं जास्त फसवतं. माण, खटाव, फलटणकडे बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या गीझरमधून मी खापऱ्यांसारखे थर काढले आहेत. पण ‘दुप्पट वीज’ कुठून आली? कॉइल पाण्यात बुडालेली असते. तिची उष्णता क्षारांतून वाट काढत का होईना, पाण्यातच जाणार. दुसरीकडे जायला तिला जागा नाही. बंब किंवा गॅस गीझरची गोष्ट वेगळी. तिथे पाण्याच्या बाजूला थर बसला की जाळाची उष्णता धुराबरोबर बाहेर जाते आणि जळण खरोखर वाया जातं. विजेच्या गीझरमध्ये क्षारांचा फटका बिलाला कमी, कॉइलला जास्त. थराखाली ती स्वतःच इतकी तापते की एक दिवस फुटते, आणि मग पाण्यात करंट उतरायची भीती. म्हणून अर्थिंग तपासून घ्या. पाणी जड असेल तर वर्षातून एकदा, नाहीतर दोन वर्षांतून एकदा गीझर उघडून घ्या. क्षार तर काढून होतातच, शिवाय आत मॅग्नेशियमची एक कांडी असते ती संपली असेल तर बदलता येते. टाकीऐवजी गंज त्या कांडीला खातो, ती त्याचसाठी असते. संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतलंत तर सगळ्यात आधी ही कांडी जाईल, मग टाकी. मागच्या जानेवारीत एका घरी मी अशीच टाकी काढली, बुडाला चाळणी झाली होती. अ‍ॅसिड दर महिन्याला न चुकता ओतलं होतं.

तेलाच्या हीटरचं एका वाक्यात आटपतं: 2000 वॅटचा हीटर तेलाचा असो, पंख्याचा असो की लाल सळईचा, तासाला 2 युनिटच खातो आणि तेवढीच उष्णता देतो. तेलाचा बंद केल्यावरही काही वेळ उबदार राहतो, त्यामुळे तो कमी खातो असं वाटतं. गरम हवा देणारा एसी मात्र खरोखर कमी विजेत जास्त ऊब देतो, कारण तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून आणतो. पण आधी घराकडे बघा. पाचगणी-महाबळेश्वरकडच्या कौलारू घरात हीटर लावणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं आहे. तिथे खोली तापवण्याच्या भानगडीत पडू नये, गोधडी तापवावी.

सोलर झाकायचा सल्ला कुणाला सुचला कोण जाणे. आपल्याकडे थंडीतलं आकाश पावसाळ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ असतं. 22 डिसेंबरच्या सुमारास साताऱ्यात सूर्य भर दुपारीही 49 अंशांच्या आसपासच चढतो आणि दक्षिणेकडे झुकलेला असतो. पॅनेल दक्षिणेला तोंड करून तिरपे बसवलेले असतात ते यासाठीच. पाणी येत नाही अशी तक्रार आली की मी आधी गच्चीवर जाऊन धूळ बघतो, शेजाऱ्याच्या नव्या मजल्याची सावली पडते का ते बघतो, आणि मग पाइप मोजतो. आतून 20 मिलिमीटरचा पाइप 20 मीटर लांब असेल तर त्यात सहा लिटरांच्या वर पाणी मावतं. रात्रभर गार झालेलं ते पाणी आधी बाहेर पडतं, आणि लोक तेवढ्यात ‘सोलर गेला’ म्हणून नळ बंद करतात. पाइपला अस्तर घाला, पहिली बादली भांड्यांना वापरा. सोलरच्या टाकीत विजेची कॉइल असेल तर सकाळची अंघोळ झाल्यावर ती चालू राहिलेली नाही ना, तेवढं बघा. टाकी विजेनंच तापली तर उन्हानं तापवायचं काय?

आता शेगडी.

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200हून जास्त पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे ऑक्सिजनला जागाच उरत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. थंडीच्या रात्री झोप येण्यात कुणाला काय वावगं वाटणार? वाटीतल्या पाण्याबद्दल म्हणाल तर हा वायू पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. 20 अंशांच्या लिटरभर पाण्यावर निव्वळ हाच वायू भरून ठेवला तरी जेमतेम 23 मिलिलिटर आत जाईल. खोलीच्या हवेत तो त्याहून कितीतरी विरळ असतो आणि वाटीत पाणी पाव लिटरही नसतं. कापूर, मीठ, तुळशीची पानं यांनीही काही होत नाही.

‘आमच्या आजीच्या घरात रात्रभर शेगडी असायची, आम्ही कुठे मेलो?’ हे मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकवलं जातं. आजीच्या घरावर कौलं होती. दारं-खिडक्यांत बोट जाईल एवढ्या फटी होत्या, आणि बंब तर परसात किंवा पडवीतच पेटायचा. ज्या फटींतून ऊब जायची त्यांतूनच हा वायूही जायचा. आजी शेगडी आत आणायच्या आधी धूर संपून निखारे लाल होईपर्यंत थांबायची. त्यानं डोळे वाचायचे, वायू मात्र लाल निखाऱ्यांतूनही येतच असतो. तीच शेगडी सरकत्या काचांच्या, स्लॅबच्या फ्लॅटमध्ये दार लावून ठेवली की वायूला जायला वाटच नाही.

शेगडीपाशी कुणाचं डोकं दुखायला लागलं तर बाम शोधत बसू नका. दार उघडा, माणसाला मोकळ्या हवेत न्या आणि 108ला फोन करा. गॅस गीझर वापरणाऱ्यांनाही हेच लागू आहे. डिसेंबरात अनेक बाथरूमच्या झरोक्यात मला वर्तमानपत्राचे बोळे दिसतात, गार वारा येऊ नये म्हणून कोंबलेले. तुमच्याकडे असतील तर उद्याच्या अंघोळीआधी काढा.